मेंदूची स्वतःची राखण

कोल्हापूरच्या तालमीत थंडाई कशी होते, ते एकदा जवळून बघावं. रात्री भिजत घातलेल्या बदामांची सालं काढायची, खसखस, बडीशेप, मिरी, वेलची जोडीला घ्यायची आणि दगडी कुंडीत लाकडी दांडक्यानं घाम फुटेस्तोवर घोटत राहायचं. पैलवानाच्या या खुराकात भांगेचं काही काम नसतं. पण महाशिवरात्रीला, होळीला हेच पेय कुठं कुठं भांग घालून घेतलं जातं, हेही आपल्याला माहीत आहे. या जुन्या सवयीला आता मोबाईलवरच्या व्हिडिओंनी नवा आधार दिलाय : गांजा-भांगेनं म्हणे मेंदूच्या पेशी वाचतात. हा दावा खऱ्या संशोधनाचं एक टोक पकडून केलेला आहे, म्हणूनच तो जास्त घातक आहे.

भारतात या वनस्पतीची वैद्यकीय तपासणी जुनी आहे. कलकत्त्यातल्या विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरनं १८३९ मध्ये धनुर्वात आणि आकडी यांवर तिचे प्रयोग नोंदवले. पुढं १८९३-९४ च्या सरकारी आयोगानं हजाराहून अधिक साक्षी घेतल्या. गांजानं वेड लागतं म्हणून वेड्यांच्या इस्पितळांतून जे आकडे दिले जात, ते आयोगानं मुळापासून तपासले तेव्हा त्यांतले बरेचसे टिकले नाहीत. माफक सेवनानं फारसं बिघडत नाही, अतिरेक मात्र बाधतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. मला या अहवालाचा आदर वाटतो, कारण ऐकीव गोष्टीवर न विसंबता मूळ नोंदी उघडून बघण्याची शिस्त त्यात आहे. पण हे द्रव्य मेंदूत नेमकं काय करतं, हे कळायला आणखी शंभर वर्षं जावी लागली.

राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी इस्रायलमध्ये १९६४ साली गांजातलं नशा आणणारं मुख्य रसायन, टीएचसी, वेगळं काढलं. ॲलिन हॉवलेट आणि विल्यम डेव्हेन यांना १९८८ मध्ये अमेरिकेत, मेंदूच्या पेशींवर ते रसायन नेमकं जाऊन बसतं ती जागा सापडली. तिलाच आज सीबी-१ रिसेप्टर म्हणतात. १९९३ मध्ये सीबी-२ सापडला. तो मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींवर असतो आणि मेंदूतली सूज आवरण्यात त्याचा वाटा आहे. मग प्रश्न उभा राहिला : गांजासाठी निसर्ग आपल्या डोक्यात जागा कशाला करून ठेवेल? उत्तर १९९२ मध्येच आलं होतं. मेंदू स्वतःच तसलं द्रव्य तयार करतो. मेशुलम यांच्या गटानं त्याला नाव दिलं आनंदमाइड, आपल्या ‘आनंद’ शब्दावरून.

त्याचं काम बघण्यासारखं आहे. मेंदूच्या पेशी ग्लुटामेट या रसायनातून एकमेकींना चेतवतात. डोक्याला मार बसला, फिट आली किंवा रक्तपुरवठा तुटला की ग्लुटामेटचा पूर येतो, पुढच्या पेशीत कॅल्शियम घुसत राहतं आणि अति चेतवल्यामुळंच ती पेशी मरते. अशा वेळी ती पेशी आपल्याच आवरणातल्या स्निग्ध पदार्थातून आनंदमाइड किंवा त्याचं भावंड टू-एजी बनवते आणि मागच्या पेशीकडे पाठवते. उसाला पाणी पाजताना सरीच्या टोकाचा गडी ‘भरलं’ म्हणून हाळी देतो आणि पाटावरचा माणूस दार बदलतो, तसा हा उलटा निरोप. तो सीबी-१ वर पोचला की ग्लुटामेट सुटणं कमी होतं. काम झालं की ते द्रव्य लगेच मोडून टाकलं जातं. २००३ मध्ये उंदरांच्या ठरावीक चेतापेशींतून सीबी-१ काढून टाकल्यावर त्यांच्या फिट्स फार तीव्र झाल्या आणि पेशींची हानी वाढली. म्हणजे राखण खरीच आहे.

पण ती जागेवर, वेळेवर आणि मापात होते. गांजा ओढला की टीएचसी साऱ्या मेंदूभर पसरतं आणि तासन् तास राहतं. गरज कुठं आहे, हे त्याला कळत नाही. स्मरण, एकाग्रता, वेळेचं भान सगळंच त्यानं विस्कटतं. मेंदूची जडणघडण पंचविशीपर्यंत चालू असते आणि त्या घडणीतही सीबी-१ चा हात असतो. कोवळ्या वयात नियमित गांजा ओढणाऱ्यांत मनोविकृतीचा धोका वाढतो, हे अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसलंय. कॉलेजच्या पोरांना ‘मेंदूला चांगलं’ म्हणून हे विकणारा माणूस गुन्हाच करतो.

औषधाच्या वाटेवरही यश सरळ आलेलं नाही. मेशुलम यांच्याच प्रयोगशाळेतलं डेक्सानाबिनॉल हे कृत्रिम द्रव्य प्राण्यांच्या मेंदूला वाचवत होतं (सीबी-१ मार्फत नव्हे, दुसऱ्या वाटेनं). डोक्याला गंभीर इजा झालेल्या ८६१ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल २००६ मध्ये आला : फायदा नाही. आनंदमाइड मोडणारं एन्झाइम रोखायला बनवलेल्या एका औषधाची फ्रान्समधल्या रेन शहरात निरोगी माणसांवर चाचणी झाली. जानेवारी २०१६ मध्ये त्यांतला एक दगावला आणि काहींच्या मेंदूला इजा झाली. हाती लागलेलं ठोस यश म्हणजे बालवयातल्या काही दुर्धर फिट्सवरचं शुद्ध सीबीडी (गांजातलंच दुसरं एक रसायन), ज्याला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. त्यात नशा नाही आणि त्याचा मुख्य परिणाम सीबी-१ मधून होतही नाही. म्हणून ऑनलाइन मागवलेली सीबीडी तेलाची बाटली लकवा किंवा विसराळूपणावर देऊ नका आणि डॉक्टरांनी दिलेल्या फिट्सच्या गोळ्या तिच्या भरवशावर मुळीच बंद करू नका.

या संशोधनाला पैसा आणि मोकळीक मिळायला हवी, असं मी ठामपणे म्हणेन. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानं गांजा आणि चरसवर कडक बंदी घातली, नुसत्या पानांना त्या व्याख्येबाहेर ठेवलं. महाराष्ट्रात भांगेवर १९४९ च्या दारूबंदी कायद्याचे निर्बंध आहेत. त्या चौकटीतही जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेत या वनस्पतीवर काम चालू आहे. असं काम आपल्याकडच्या विद्यापीठांतूनही व्हावं.

तोवर मेंदू वाचवायचे सिद्ध झालेले उपाय साधे आहेत. महामार्गावर दुचाकी काढताना हेल्मेट घाला. घरात कुणाचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर तेल चोळत बसू नका, १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. आणि मोठी रक्तवाहिनी तुंबलेली असेल तर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी जातात.