अख्खे धान्य, पण अख्खा दाणा नव्हे!

घरात नऊ-दहा महिन्यांचे बाळ असेल, तर त्याची एक गंमत तुम्ही पाहिली असेल. ताटाबाहेर पडलेले शीत ते अंगठा व तर्जनीच्या चिमटीत धरते आणि थेट तोंडात घालते. चिमूट जमली, की ताई-दादा कौतुकाने ज्वारीच्या लाह्या, फुटाणे पुढे करतात. तेथेच थांबा!

बाळाची श्वासनलिका तुमच्या पेन्सिलीपेक्षाही अरुंद असते. नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर तेवढ्याच दाबाने संथपणे वाहणारी हवा निम्मी होत नाही. ती सोळाव्या हिश्श्यावर येते. दाढा नसल्याने बाळाला फुटाणा चावता येत नाही. तो श्वासनलिकेत घसरला तर?

मग सकस धान्य द्यायचे कसे? कोंड्यासकट, पण दळून. नाचणीचा दाणा इतका बारीक, की तिचे पीठ बहुधा कोंड्यासकटच होते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पीठ शिजवताना, ६०-७० अंश सेल्सिअसच्या सुमारास, त्यातील स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात व पेज दाटते. पीठ आधी थंड पाण्यात कालवावे. थेट उकळत्या पाण्यात टाकले, तर गोळ्याचा बाहेरचा थर लगेच चिकट होतो, आत पाणी शिरत नाही आणि गुठळ्या होतात. (हा माझा स्वानुभव!)

पातळ पेज बाळाच्या मुठीतून निसटते. दाट शिजवून ताटलीत निवू दिली, तर तिच्या बोटभर लांबीच्या मऊ वड्या पडतात. वडी दोन बोटांत दाबून पाहा. सहज चुरडली, तर बाळाच्या हिरड्यांनाही ती चुरडेल. मात्र बाळ बसूनच खात असावे व शेजारी मोठे माणूस हवे.