शेवटचा कोण?

स्पेनला निघालो तेव्हा माझ्या मनात थोडी घमेंड होती, हे आधीच कबूल करतो. मुलगी मालागाला नोकरी करते. देशाच्या दक्षिणेला, आंदालुसियात, समुद्रकाठी वसलेलं हे शहर. नातवाला सांभाळायला घरचं माणूस हवं होतं, म्हणून २०२३च्या नोव्हेंबरात आम्ही नवराबायको तिकडे पोचलो. व्हिसा ९० दिवसांचा. घमेंड अशी, की मला स्पॅनिश निम्मीशिम्मी येतेच! चार महिने मोबाइलवर धडे गिरवले होते आणि त्यातले शब्द तर ओळखीचेच निघाले होते.

ओळख दोन वाटांनी. पहिली अरबीची. इसवी सन ७११ नंतर काही शतकं या भागात अरबी बोलणाऱ्यांचं राज्य होतं. मालागा १४८७ साली फर्डिनांड आणि इसाबेल या राजाराणीनं जिंकलं. राज्य गेलं, शब्द राहिले. साखरेला तिथं 'आसूकार' म्हणतात. हा अरबी 'अस्-सुक्कर'. त्याच्यामागे फारसी 'शकर' आणि त्याच्याही मागे संस्कृत 'शर्करा'. संत्रं म्हणजे 'नारांखा', आपलं नारिंगच. नगराध्यक्षाला 'आल्काल्दे', म्हणजे मूळचा काझी. दुसरी वाट पोर्तुगीजांची. त्यांनी आपल्याला दिलेले शब्द स्पॅनिशमध्ये चुलतभावंडांसारखे भेटतात. साबण 'खाबोन', पाव 'पान', बटाटा 'पाताता'. घरात दखनी, शाळेत आणि कवितेत मराठी, मशिदीत अरबी, असा वाढलेला माझ्यासारखा सोलापूरकर हरखून गेला नसता तरच नवल.

आणि पहिल्याच सकाळी बेकरीत फजिती झाली. आत पाच-सहा माणसं इकडेतिकडे उभी. रांग कुठंच नाही. मी सरळ काउंटरपाशी गेलो आणि पाव मागितला. सगळे एकदम गप्प. एक आजोबा काहीतरी बोलले, विक्रेती मुलगीही बोलली. मला एकच शब्द कळला, 'तू'. तो मात्र अगदी आपलाच! विशी-बाविशीतली पोर पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला 'तू' म्हणते, हे मराठी कानाला झोंबलं. पाव न घेताच घरी आलो.

संध्याकाळी मुलगी हसत सुटली. "अब्बा, रांग असते, पण ती दिसत नाही. आत शिरलं की विचारायचं, 'क्येन एस एल उल्तिमो?' शेवटचा कोण? जो शेवटचा असेल तो म्हणतो 'यो', म्हणजे मी. त्याचा चेहरा लक्षात ठेवायचा. नंतर कुणी आलं की 'यो' म्हणायची पाळी तुमची." मग हवं तर बाकावर बसा, पेपर वाचा, गप्पा मारा, नंबर जात नाही. आपल्याकडे रेशनच्या दुकानापुढे पिशवी ठेवून नंबर धरतात. तिथं पिशवीचं काम शब्द करतो. 'तू'चंही तिनं समजावलं. आदरार्थी 'उस्तेद' आहे, 'आपली कृपा' अशा अर्थाच्या जुन्या संबोधनातून झिजून आलेलं. पण दुकानात, शेजारात आता 'तू'च फार चालतं. त्यात अपमान नसतो. माझी समजूत पटायला मात्र महिना लागला.

पावाचं काय, उद्याही मिळाला असता. खरी ठेच दुसऱ्या आठवड्यात लागली. नातू तीन वर्षांचा. घरी मराठी बोलतो, बागेत स्पॅनिश. घसरगुंडीवरून पडला आणि रडत म्हणाला, "मे दुएले आकी!" मी विचारत बसलो, काय रे, काय झालं? तोवर शेजारच्या बाकावरची बाई उठली आणि तिनं त्याचं कोपर धरून फुंकर घातली. ते मूल माझं, रडणं माझ्या मांडीवर, आणि समजलं परक्या बाईला. त्या रात्री मी वही काढली.

वस्तीत एका संस्थेचा फुकट वर्ग होता. युक्रेनच्या दोघी, मोरोक्कोचा एक सुतार, एक इंग्रज म्हातारा आणि मी. बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'मे गुस्ता एल मांगो', मला आंबा आवडतो. 'मे गुस्तान लोस मांगोस', मला आंबे आवडतात. इंग्रज कळवळून म्हणाला, आवडतो मला, मग क्रियापद आंब्यामागे का धावतं? मी मनात म्हटलं, बाबा रे, आमच्याकडे हेच चालतं! 'मे दुएले आकी' म्हणजे तरी काय? 'मला इथं दुखतंय.' मांडणी अगदी आपली. ज्या वाक्यानं मला नातवाच्या रडण्याबाहेर ठेवलं, ते माझ्याच भाषेच्या घडणीचं होतं. (आंबे मालागाजवळच पिकतात, हेही त्याच तासाला कळलं. हापूसशी तुलना मी केली नाही.)

बाकी गोष्टी हळूहळू अंगवळणी पडल्या. जेवण दुपारी दोन-अडीचला. बरीच छोटी दुकानं दुपारी बंद. आंदालुसियात शब्दाच्या शेवटचा 'स' गिळतात. पुस्तकातलं 'मास ओ मेनोस' रस्त्यावर 'मा ओ मेनो' होतं. कॉफीच्या मात्र मी प्रेमात पडलो. दुधाच्या प्रमाणाप्रमाणे मालागात तिच्या नऊ तऱ्हा आहेत. नुसता कॉफीचा थेंब असेल तर 'नुबे' म्हणजे ढग, थोडी जास्त असेल तर 'सोंब्रा' म्हणजे सावली. सकाळी आठ वाजता माणसं गंभीर चेहऱ्यानं एक ढग, दोन सावल्या मागतात. ही नावं ज्या कॅफेत रुजली ते २०२२ साली बंद झालं, पण शहर अजून तसंच मागतं.

त्या हिवाळ्यात तिकडे दुष्काळ होता. धरणं तळाला गेलेली. खालच्या मजल्यावरची ऐंशीची आजी रोज जिन्यात भेटायची. मला 'इखो', म्हणजे बाळा, म्हणायची. एकदा ती आभाळाकडे बघत म्हणाली, "ओखाला युएबा." पाऊस पडो. 'ओखाला' हा शब्द अरबीतून आलेला, 'अल्लाहची इच्छा असेल तर' अशा अर्थाचा. देव न मानणाराही तिथं तो सहज वापरतो. पण व्युत्पत्ती मला नंतर आठवली. सोलापूरच्या माणसाला आभाळाकडे बघून काय बोलायचं हे शिकवावं लागत नाही. तोंडून आपोआप गेलं, "ओखाला." (पाऊस मार्चअखेर आला, आम्ही परतल्यावर. मुलीनं फोनवर त्याचा आवाज ऐकवला.)

निघायच्या आदल्या शनिवारी नातवाला खांद्यावर घेऊन मासळी आणायला आतारासानासच्या मंडईत गेलो. नाव अरबी गोदीचं. मंडईच्या तोंडाशी त्या गोदीची जुनी कमान अजून उभी आहे. मासळीच्या गाळ्यापुढे गर्दी होती. मी विचारलं, शेवटचा कोण? एका बाईनं हात वर केला. तिचा चेहरा लक्षात ठेवून उभा राहिलो. पाठोपाठ एक तरुण आला आणि त्यानं तेच विचारलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात खांद्यावरून आवाज आला, "नोसोत्रोस!"

म्हणजे, आम्ही.