घराचा हप्ता आणि गोळीचा हप्ता

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपले वाडवडील म्हणत. त्यांच्या काळी पुष्कळ जण मुंबईच्या गिरणीतून निवृत्त झाल्यावर, फंडाचे पैसे हाती आल्यावर गावी घर बांधायला घेत. आता क्रम उलटा झाला आहे. महाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी कायम झाली, की शहरात किंवा बिरवाडीच्या बाजूला फ्लॅट बघितला जातो. पोलादपूरचा मुलगा मुंबईत कामाला लागला, की पनवेल, बदलापूर, विरारकडे खोली घेतो. पैसे बँकेचे, फेड २० वर्षांची.

यात गैर काही नाही. डोक्यावर स्वतःचे छप्पर असावे असे कोणाला वाटत नाही? पण एक गोष्ट लक्षात घ्या. तिशी-पस्तिशीत सुरू झालेला हप्ता पन्नाशी-पंचावन्नला संपतो, आणि रक्तदाब व मधुमेह हे दोन आजार बहुतेकांच्या शरीरात नेमके याच वर्षांत घर करतात. म्हणून आज या आरोग्याच्या सदरात मी हप्त्याविषयी लिहीत आहे.

दवाखान्यात काय दिसते?

चाळिशीतला कामगार तपासायला येतो. रक्तदाब १७० वर ११०. ‘गोळ्या चालू आहेत ना?’ असे विचारले की उत्तर येते, ‘चालू आहेत, डॉक्टर. फक्त जरा ओढाताण आहे, म्हणून एक दिवसाआड घेतो.’ ३० गोळ्यांचे पाकीट ६० दिवस पुरवलेले असते.

त्याच्याच घरातली गृहिणी येते. जिना चढताना धाप लागते, पायात गोळे येतात. हिमोग्लोबिन ८ निघते. विचारपूस केली की कळते, हप्ता सुरू झाल्यापासून दूध मुलांपुरतेच येते, आणि डाळ-उसळ सगळ्यांचे झाल्यावर उरली तर तिच्या ताटात.

आणि तिसरे म्हणजे पोलादपूरच्या वाड्यांवरून येणारे आजी-आजोबा. मुलगा मुंबईहून औषधाला पैसे पाठवतो, पण ही मंडळी मागतच नाहीत. ‘पोराला सांगू नका, त्याच्या खोलीचा हप्ता चालू आहे,’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकले आहे, की आता ते मला आजाराचे लक्षणच वाटते.

ही माणसे निष्काळजी नाहीत. हप्ता चुकला तर बँकेचा फोन येतो, दंड बसतो. विजेचे बिल थकले तर जोडणी तुटते. गोळी चुकली तर मात्र कोणाचा फोन येत नाही आणि त्या दिवशी दुखतही नाही. त्यामुळे महिन्याच्या खर्चात कात्री लावायची वेळ आली, की ती पहिल्यांदा औषधावर आणि घरच्या बाईच्या ताटावर चालते.

न दुखणारे कर्ज

वाढलेला रक्तदाब रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर रात्रंदिवस ताण देतो. वर्षानुवर्षे असे चालले की त्या कडक होतात, अरुंद होतात, आणि एखाद्या दिवशी मेंदूतली वाहिनी बंद पडते किंवा फुटते. त्यालाच आपण अर्धांगवायू म्हणतो. वाढलेली साखर मूत्रपिंड, डोळ्यांचा पडदा आणि पायांच्या नसा अशाच गुपचूप पोखरते. हेही एक कर्जच आहे. त्याचे व्याज रोज चढते, फक्त पासबुकात दिसत नाही.

गुठळी होऊन अर्धांगवायू झाला असेल, तर ती विरघळवणारे इंजेक्शन मेंदूचा स्कॅन करून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. घाटाखालच्या वाडीतून रुग्ण हमरस्त्यावर आणण्यातच किती वेळ जातो, हे आपल्या भागातल्या लोकांना सांगायला नको. कमावता माणूस अंथरुणाला खिळला की पगार थांबतो, हप्ता थांबत नाही. म्हणून मी म्हणतो, रक्तदाबाची गोळी हा घर वाचवण्याचाच खर्च आहे.

हप्त्याचे गणित समजून घ्या

मी काही बँकेतला माणूस नाही, पण हे गणित शाळेत शिकलेल्या व्याजाचेच आहे. २० लाखांचे कर्ज, व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षे. मासिक हप्ता येतो सुमारे १७,३५६ रुपये. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले १४,१६७ रुपये व्याजात जातात, मुद्दल फिटते जेमतेम ३,१८९. एकूण परतफेड होते ४१ लाख ६५ हजारांच्या आसपास.

आता व्याजदर वाढला तर? मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला. समजा, आधी साडेसहा टक्क्यांनी २० लाख घेतले होते. हप्ता होता सुमारे १४,९११. दर अडीच टक्क्यांनी वाढून ९ टक्के झाला, तर महिन्याचे नुसते व्याजच १५,००० होते. म्हणजे हप्ता भरूनही मुद्दल हलत नाही! अशा वेळी हप्ता वाढतो, मुदत वाढते, किंवा दोन्ही वाढतात. पुष्कळांना ‘हप्ता तेवढाच आहे’ म्हणून बरे वाटते, पण फेड निवृत्तीच्या पुढे गेलेली असते.

१८ ऑगस्ट २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांना आणि गृहवित्त कंपन्यांना बजावले आहे, की बदलता दर वाढला की हप्ता वाढवायचा की मुदत, हे ग्राहकाला विचारावे. फेब्रुवारी २०२५ पासून रेपो दर उतरू लागला, पण जुन्या कर्जांना त्याचा फायदा आपोआप मिळतोच असे नाही. तेव्हा वर्षातून एकदा शाखेत जाऊन तीन प्रश्न विचारा : माझा दर आज किती, शिल्लक किती, हप्ते किती उरले? जशी आपण साखर तपासतो, तशीच ही तपासणी.

कात्री कुठे लावावी, कुठे लावू नये

एक साधी वही घ्या. महिन्याच्या पहिल्या पानावर, सर्वांत वर दोन ओळी लिहा : घराचा हप्ता आणि औषधे. दोन्ही सारख्याच सक्तीच्या. त्याखाली किराणा, दूध, वीज, गॅस, शाळा, प्रवास. जूनमधला शाळाप्रवेश, गणपती आणि शिमगा हे खर्च दरवर्षी येतात हे ठाऊक असूनही आपण दरवर्षी उसनवारी करतो. त्यांची बेरीज करून १२ ने भागा आणि तेवढी रक्कम दरमहा बाजूला टाका.

ताटातल्या डाळीवर, अंड्यावर कात्री लावू नका. आपल्याकडचे स्वस्त अन्नच कसदार आहे. नाचणीची भाकरी, कुळथाचे पिठले, मोड आलेले वाल, पावसाळ्यातला टाकळा यांना डबाबंद पौष्टिक पावडरीची गरज नाही. सुकट-बोंबीलही चांगले, मात्र रक्तदाब असणाऱ्यांनी ते भिजवून, दोन-तीन पाण्यांतून धुऊन आणि बेतानेच खावेत, कारण त्यात मीठ फार असते. आणि घरातल्या बाईने सर्वांबरोबर जेवायला बसावे. हा औषधाशिवायचा उपचार आहे.

मग कात्री कुठे? फरसाण, बिस्किटे, थंड पेये आहेतच. पण मोठी गळती तंबाखू, विडी-सिगारेट आणि दारूत आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या संपलेल्या नाहीत. रोज ५० रुपये या मार्गाने गेले, तर वर्षाला १८,२५० होतात. वर सांगितलेल्या साडेआठ टक्क्यांच्या कर्जाचा एका महिन्याचा हप्ता यापेक्षा कमी आहे! वर्षाला असा एक जादा हप्ता सुरुवातीपासून मुद्दलात भरला, तर २० वर्षांचे ते कर्ज सुमारे साडेसोळा वर्षांत फिटते. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल दंड घेता येत नाही. तोंडाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो तो वेगळाच.

औषधाचा खर्च कमी करता येतो

गोळी अर्धी करणे हा बचतीचा मार्ग नव्हे. आपल्या डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, ‘एवढे परवडत नाही.’ यात लाज कसली? रक्तदाब आणि मधुमेहाची नेहमीची औषधे जेनेरिक नावाने पुष्कळ स्वस्त मिळतात, जनऔषधी केंद्रांतही मिळतात. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. तिशी ओलांडलेल्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी.

मोठ्या आजारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला रायगड होता. आता ती राज्यातल्या सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांसाठी असून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. मात्र ठरावीक उपचारांसाठी आणि योजनेतल्या रुग्णालयांतच. रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत. तेव्हा शिधापत्रिका आणि आधार कार्ड यांवरची नावे जुळतात का, हे आजच पाहून ठेवा.

पुराचा धडा

२२ जुलै २०२१ महाडकर विसरणार नाहीत. सावित्री आणि गांधारीचे पाणी घराघरांत शिरले. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीतही माणसे गेली. फ्रिज, कपाटे, धान्य चिखलात गेले, पण ज्यांच्यावर कर्ज होते त्यांचे कर्ज काही वाहून गेले नाही. पुरात गोळ्या आणि चिठ्ठ्या गेल्या, की औषध बंद पडते ते वेगळेच.

म्हणून तीन गोष्टी. निदान तीन महिन्यांचा हप्ता आणि घरखर्च हळूहळू बाजूला साठवा. जादा हप्ता भरण्याचा विचार त्यानंतर. दुसरे, घराचा विमा. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी मिळते, तिच्यात पूर आणि दरडही येते. बँकेने काढलेल्या विम्यात नुसती इमारत आहे की सामानही, हे विचारून घ्या. तिसरे, पावसाळ्यात एक महिन्याच्या गोळ्या आणि चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उंचावर ठेवा.

हप्ता खरोखरच जमत नसेल तर

दडून राहू नका, आणि एक हप्ता भरायला सावकाराचे पैसे उचलू नका. थकबाकी ९० दिवसांच्या वर गेली की कर्ज बुडीताच्या वाटेवरचे मानले जाते आणि पुढे जप्तीची नोटीस येऊ शकते. पहिला हप्ता चुकण्याआधीच शाखेत जाऊन मुदत वाढवून मागा. तेव्हा मार्ग निघण्याची शक्यता जास्त असते.

झोप उडणे, छातीत धडधड, पोटात आग, चिडचिड या तक्रारी घेऊन येणाऱ्या कित्येकांच्या मनात बँकेचे कागद फिरत असतात. ते घरात बोला. नवऱ्याने बायकोला शिल्लक किती हे सांगावे, मुलाने आई-वडिलांना ‘तुमच्या गोळ्या माझ्या हप्त्यातच धरल्या आहेत’ असे स्पष्ट सांगावे. मन फारच खचले, जीव नकोसा वाटू लागला, तर डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा किंवा १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे.

येत्या रविवारी वही काढा. वरच्या दोन ओळी लिहून झाल्या, की घरातल्या गोळ्या मोजा. चिठ्ठीच्या तारखेपासून हिशेब केला तर किती उरायला हव्यात आणि किती उरल्या आहेत, ते पाहा. जास्त उरल्या असतील, तर ती बचत नव्हे, ती थकबाकी आहे. ती मात्र मागची भरता येत नाही. फक्त उद्यापासून चुकवायची नाही, एवढेच आपल्या हाती आहे.