टाचण्यांवर पेललेला त्रिकोण

अठराव्या शतकातला युरोपीय उंची झगा बहुधा पुढून उघडाच शिवत. त्याच्या दोन काठांमधली फट झाकायला छातीपासून कमरेखालपर्यंत निमुळती होत जाणारी एक त्रिकोणी पट्टी असे, तिचे नाव स्टमकर. फ्रान्स्वा बूशेने १७५६ साली रंगवलेल्या मादाम द पोंपादूरच्या चित्रात या जागी रेशमी फितींच्या फुलांची उतरंड आहे, वर मोठी आणि खाली लहान होत गेलेली. रेशमी, जरीच्या कशिद्याचे असे वैभव पाहिले की स्टमकर हा केवळ मिरवण्याचा दागिना वाटतो. माझ्या मते मात्र ती आधी शिवणकामातली युक्ती होती. शोभा तिच्यावर मागाहून चढली.

पुरावा पट्टीच्या कडेला सापडतो. संग्रहालयांतल्या अनेक स्टमकरांना मागे साध्या लिननचे अस्तर आणि दोन्ही बाजूंना कापडी जिभा आहेत. या जिभा आतल्या ताठ काचोळीला टाचण्यांनी अडकवायच्या आणि वरून झग्याचे काठ पुन्हा टाचायचे. म्हणजे अंग भरले, उतरले किंवा दिवस गेले, तरी टाचण्यांची जागा बदलून तोच झगा बेतता येई. त्या काळी शिलाईपेक्षा रेशीम कितीतरी महाग होते आणि झगे उसवून पुन्हा शिवत. अशा व्यवहारात ही सोय क्षुल्लक नव्हती.

कोणी म्हणेल, पुष्कळ स्टमकर झग्याच्याच कापडाचे असत, मग त्यांना स्वतंत्र का मानायचे? कापड एक असले तरी पट्टी सुटी राही, आणि मुद्दा त्या सुटेपणाचा आहे. रोज इतक्या टाचण्या लावणे परवडण्याजोगे होते का, ही शंका अधिक रास्त आहे. तिचे उत्तर ॲडम स्मिथच्या १७७६ च्या ग्रंथात मिळते: कामाची वाटणी केल्यावर दहा माणसे दिवसाला ४८,००० टाचण्या करीत.

सर्वांत बोलका पुरावा या पट्टीच्या अस्ताचा. १७७० नंतरच्या दशकात झग्याचे काठ छातीवर मधोमध जुळू लागले आणि कशिद्याची पट्टी मागे पडली. नटण्याची हौस तेव्हा मुळीच ओसरली नव्हती. केसांचे मनोरे तर त्याच काळात चढत होते. गेली ती फक्त फट. पुढे जवाहिऱ्यांनी छातीवरच्या मोठ्या रत्नजडित ब्रोचला तेच नाव दिले. तो खरोखरच निव्वळ दागिना होता: त्याच्याखाली झाकण्यासारखे काहीच उरले नव्हते.