पैसे वाचवायचे, तर गाडी नवी की जुनी?

खिशाचं गणित : लेखांक नववा

गाडी मुळात लागतेच का, हा प्रश्न मागच्या आठवड्यात झाला. ज्यांचं उत्तर ‘हो’ आलं, त्यांच्या घरात आता एक काका हमखास उभे राहतात. ‘पहिली गाडी जुनीच घे. नवी शोरूमच्या दारातून बाहेर पडली की लाखभर रुपये गेलेच समज.’ काका खोटं बोलत नाहीत. पण हा सल्ला सेडानला किंवा मोठ्या डिझेल गाडीला जितका लागू पडतो तितका छोट्या गाडीला पडत नाही, आणि आपल्याकडे बहुतेकांची पहिली गाडी छोटीच असते.

आधी ते लाखभर रुपये जातात कुठे, ते पाहू. समजा, एका लिटरच्या आतल्या इंजिनाची पेट्रोल गाडी आहे आणि एक्स-शोरूम किंमत ५ लाख. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला एकरकमी रोड टॅक्स ११ टक्के, म्हणजे ५५ हजार. विमा साधारण २५ हजार, कारण सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीचा थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. नोंदणी, फास्टॅग वगैरे मिळून गाडी रस्त्यावर येते ५ लाख ८५ हजारांना. उद्या विकायला काढलीत तर हे वरचे ८५ हजार कोणी मोजत नाही. जुनी गाडी राज्यातल्या राज्यात घेतली, तर मूळ मालकाने पंधरा वर्षांचा भरलेला टॅक्स तिच्याबरोबर आपसूक येतो. जुनीचा पहिला फायदा हा, आणि तो खरा आहे.

आता तीच गाडी चार वर्षांची झालेली घेऊ. छोट्या गाड्यांवर गिऱ्हाईक तुटून पडतं, त्यामुळे भाव फारसा उतरत नाही. समजा ३ लाख ६० हजारांना मिळाली. नाव बदलणं, विमा, चार टायर, बॅटरी आणि गॅरेजवाल्याने ‘हे आत्ताच करून घ्या’ म्हणून सांगितलेली कामं धरून आणखी ४० हजार. झाले ४ लाख. काका इथे थांबतात : पावणेदोन लाखांहून जास्त वाचले!

थांबायचं इथे नाही. आपण गाडी वर्षानुवर्षं वापरतो, म्हणून हिशेबही वर्षाचा हवा. दोन्ही गाड्या दहा वर्षांच्या झाल्यावर विकल्या आणि १ लाख ६० हजार आले असं धरू. नवी दहा वर्षं वापरली, तिच्यात ४ लाख २५ हजार गेले : वर्षाला साडेबेचाळीस हजार. जुनी सहा वर्षं वापरली, तिच्यात २ लाख ४० हजार गेले : वर्षाला चाळीस हजार. फरक अडीच हजारांचा. नवीचा विमा सुरुवातीला महाग पडतो, जुनीची दुरुस्ती नंतर महाग पडते. ढोबळमानाने ते एकमेकांत वळतं करू.

मग जुनी कुणाला परवडते? रोख पैसे असणाऱ्याला. त्याचे वाचलेले १ लाख ८५ हजार ठेवीत पडून सात टक्क्यांनी वर्षाला तेरा हजारांच्या आसपास मिळवतात. अडीच आणि तेरा, म्हणजे साडेपंधरा हजारांचा वार्षिक फायदा. हा दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

पण आपल्यातले बरेच जण गाडी हप्त्यांवर घेतात, आणि तिथे पारडं फिरतं. हातात १ लाख ८५ हजार आहेत, बाकीचं कर्ज. नवीसाठी ४ लाख, नऊ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी : हप्ता सुमारे ८,३००, एकूण व्याज ९८ हजार. जुनीसाठी २ लाख १५ हजार, पण जुन्या गाडीच्या कर्जाचा दर चढा असतो. १४ टक्के धरला, तर हप्ता ५ हजार आणि एकूण व्याज ८५ हजार. कर्ज जवळजवळ निम्मं, व्याज मात्र तेरा हजारांनीच कमी! हे व्याज वरच्या हिशेबात मिळवा. नवी वर्षाला ५२ हजारांवर जाते, जुनी ५४ हजारांवर. म्हणून माझं मत सरळ आहे : चार-पाच वर्षांची छोटी गाडी चढ्या दराच्या कर्जावर घेऊ नये. ८,३०० चा हप्ता झेपत नसेल तर गोष्ट वेगळी; पण मग आपण पैसे वाचवत नाही, फक्त महिन्याचा ताण कमी करून घेतो, हे स्वतःशी कबूल करावं.

त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या छोट्या गाड्यांवरचा कर उतरला. चार मीटरच्या आतली, १२०० सीसीपर्यंतच्या इंजिनाची पेट्रोल गाडी पूर्वी २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का सेस भरत होती. आता सरसकट १८ टक्के. कर सोडून ४ लाखांची असलेली गाडी ५ लाख १६ हजारांवरून ४ लाख ७२ हजारांवर आली. कुणी दोन वर्षांपूर्वीची गाडी विकताना ‘मला तेव्हा एवढ्याला पडली होती’ म्हणून भाव सांगू लागला, तर आजचं कोटेशन काढून समोर ठेवा. जुन्या गाड्यांवर १८ टक्के जीएसटी लागल्याची आवई २०२४ च्या डिसेंबरात उठली होती. तो कर नोंदणीकृत डीलरच्या नफ्यावर आहे, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही. शेजाऱ्याची गाडी थेट घेतलीत तर तो लागतच नाही.

जुनीत खरा पैसा वाचतो तो दोन ठिकाणी. एक, सात-आठ वर्षांची, ओळखीतली, एकहाती गाडी : शिकण्यासाठी, किंवा आठवड्यातून दोनदा भाजी आणायला. दुसरी, बाजाराने टाकलेली चांगली गाडी. शेव्हर्लेने २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करण्याचं जाहीर केलं. तळेगावात बनलेली शेव्हर्लेची बीट आणि फोर्डची फिगो त्यामुळे भावात सपाटून पडल्या. भरवशाचा मेकॅनिक असेल आणि एखाद्या पार्टसाठी आठवडाभर थांबायची तयारी असेल, तर फिगो वाईट सौदा नाही. बीटच्या वाटेला मी जाणार नाही.

वयाची एक रेघ मात्र पाळावी. चालकाशेजारच्या सीटची एअरबॅग २०२१ च्या अखेरीपर्यंत सगळ्या मॉडेल्सना सक्तीची झाली. म्हणजे २०२२ मध्ये बनलेल्या गाडीत पुढे दोन्हीकडे एअरबॅग असते. त्याआधीच्या स्वस्त मॉडेलात नसण्याची शक्यता बरीच. बायको-मुलं बसणार असतील तर तीस-चाळीस हजारांसाठी ही रेघ ओलांडू नये.

आता प्रत्यक्ष गाडी बघताना. किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नका, मीटर मागे फिरवणं अवघड राहिलेलं नाही. चाळीस हजार किलोमीटर सांगतात आणि क्लच पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंगचं कव्हर नवंकोरं, तर समजून घ्या. काचांच्या कोपऱ्यात बनावटीच्या वर्षाची खूण असते. सगळ्या एका वर्षाच्या आणि एकच दुसरी, तर ती का बदलली ते विचारा. टायरवर चार आकडे असतात : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

पण सर्वांत जास्त वेळ द्यावा तो सीटबेल्टला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळुणात पाणी भरलं, तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. अशा गाड्या धुऊन-पुसून, अत्तर मारून दुसऱ्या जिल्ह्यात विकायला येऊ शकतात. सीट कव्हर नवं घालतात, मॅटही बदलतात. सीटबेल्ट मात्र शेवटपर्यंत ओढून कुणी धूत नाही. तुम्ही ओढा, अगदी संपेपर्यंत. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर तपकिरी रेघ किंवा बोटाला लागणारी बारीक माती दिसली, की चहा पिऊन निघा. सीटच्या खालच्या रुळांना गंज असेल तर चहाही नको.

स्वस्त मिळतात म्हणून दिल्ली पासिंगच्या गाड्या आणणारेही आहेत. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यामुळे त्या भावात पडल्या. पण परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो, आणि वयानुसार इथला टॅक्सही. तिथल्या टॅक्सचा परतावा मिळवायच्या खटपटी वेगळ्याच. तो खर्च आणि एजंटचे हेलपाटे धरले की स्वस्ताई बरीचशी विरते.

कागदांत आरसी नीट वाचा. बँकेचा बोजा असेल तर बँकेचं नाहरकत पत्र आणि फॉर्म ३५ हवा. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. थकलेली ई-चलनं व्यवहाराआधी विकणाऱ्याकडूनच भरून घ्या. विमा चौदा दिवसांत स्वतःच्या नावावर करायला टाका, नाहीतर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकेल. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो माणसाबरोबर जातो; तेवढा फरक भरावा लागतो. आणि आपली जुनी विकून नवी घेत असाल तर लक्षात ठेवा : सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सांगितलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईसाठी तोच मालक. गाडी पुढे चार हात फिरली असली तरी.

त्यामुळे जुनी घेणाऱ्याने सौदा ठरवतानाच दहा-पंधरा हजार रुपये हातचे राखावेत आणि नाव चढल्यावर द्यावेत, तसं साध्या कागदावर लिहून. स्वतःची गाडी विकणारा थोडी कुरकुर करतो, पण ऐकतो. त्यालाही आपलं नाव लवकर निघालेलं हवंच असतं. जो ‘आमच्याकडे असं चालत नाही’ म्हणतो, त्याच्याकडची गाडी कितीही चकाचक असली तरी पुढचा पत्ता शोधावा.