अडकलेला अ‍ॅक्सल: आधी कुठलं टोक धरलंय ते बघा

वळण घेताना पुढच्या चाकातून टक-टक आवाज यायला लागला की सीव्ही जॉइंटवर संशय घ्यायचा, हे आपण आधी पाहिलं. आज तो अ‍ॅक्सल बाहेर काढायचा आहे. ऑल्टो, वॅगनआर, स्विफ्ट अशा पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांबद्दल मी बोलतोय. मॅन्युअलमध्ये ‘अ‍ॅक्सल काढा’ असं एका ओळीत लिहिलेलं असतं आणि घरी दोन तास झाले तरी तो हलत नाही.

अ‍ॅक्सल दोन ठिकाणी अडकतो, आणि दोन्हीची कारणं वेगळी. बाहेरचं टोक हबमध्ये गंजाने धरतं. आतलं टोक गिअरबॉक्समध्ये एका बारीक तारेच्या कडीने, म्हणजे सर्क्लिपने, मुद्दामच धरून ठेवलेलं असतं.

त्याआधी एक गोष्ट, आणि ती मी दर वेळी सांगणार. हे काम नुसत्या जॅकवर करायचं नाही. इथे आपण हातोडा मारणार, पहारीने हिसके देणार. त्यात जॅक सरकला तर गाडी थेट तुमच्या अंगावर. सपाट, पक्की जमीन, मागच्या चाकांना दोन्हीकडून अडण, बॉडीखाली मजबूत स्टँड. विटांची चळत चालणार नाही, वीट फुटते. हबचा मोठा नट मात्र गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. त्याची कड शाफ्टच्या खाचेत ठोकलेली असेल तर ती आधी छिन्नीने उघडा.

आता बाहेरचं टोक. कोकण, गोवा, चेन्नई, म्हणजे समुद्राजवळच्या गाड्यांमध्ये हबचे दाते आणि शाफ्टचे दाते गंजून एकजीव होतात. गंज सोडवणारं तेल मारा आणि खरंच थांबा. जमलं तर आदल्या रात्रीच मारून ठेवा. मग नट शाफ्टच्या टोकाला समपातळीत येईल इतका परत फिरवा आणि पितळी दांडा किंवा कठीण लाकूड मध्ये धरून ठोका. उघड्या आट्यांवर हातोडा बसला की टोक फुगतं. मग शाफ्ट हबमधून निघतही नाही आणि नटही चढत नाही. चार-पाच ठोक्यांत हलला नाही, तर हातोडा ठेवा आणि हबला लावायचा पुलर आणा. घण मारत राहिलात तर व्हील बेअरिंगचंही काम निघेल. गॅसची शेगडी नको, शेजारी रबरी बूट आणि ग्रीस आहे. बॉल जॉइंट सोडून हब बाहेर वळवताना ब्रेकच्या नळीवर ताण येऊ देऊ नका.

आतल्या टोकाला हात लावण्याआधी गिअर ऑइल काढून घ्या, नाहीतर ते वाहत येईल. इथे सगळ्यात मोठा मोह शाफ्ट धरून ओढायचा. ओढू नका! आतला जॉइंट बूटमध्येच सुटतो आणि त्याचं मोठं कप गिअरबॉक्समध्ये तसंच राहतं. जोर त्या कपावरच लावायचा. कप आणि गिअरबॉक्सच्या मध्ये पहार घालून एक झटका द्या. हळूहळू दाबून फायदा नाही, कारण खाचेत फुललेली सर्क्लिप दबायला झटकाच लागतो. नाही निघाला तर शाफ्ट थोडा फिरवा आणि पुन्हा द्या. पहार टेकवायची ती कवचाच्या जाड भागावर. ते अ‍ॅल्युमिनियमचं असतं. ऑइल सीलला टोक लागलं तर तिथून तेल गळणार.

अ‍ॅक्सल बाहेर असताना गाडी चाकांवर उतरवून ढकलू नका. बऱ्याच गाड्यांत व्हील बेअरिंग आवळून धरणारा तोच शाफ्ट आणि नट असतो.

परत बसवताना सर्क्लिप आणि हबचा नट नवीन घ्या. सर्क्लिप बसल्याचा टक् आवाज येतो, तरी आतलं कप हाताने थोडं ओढून खात्री करा. नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कलाच आवळा. आणि गिअर ऑइल भरल्याशिवाय चावी फिरवू नका.