हिंदूरावची गिरणी आणि तेमिरताऊची भट्टी

दिल्लीत नव्याने बदलून आलेल्या मराठी अधिकाऱ्याला 'हिंदूराव' हे नाव बहुधा प्रथम भेटते ते महापालिकेच्या रुग्णालयाच्या फलकावर. नाव ओळखीचे वाटते, पण त्यामागचा माणूस सहसा ठाऊक नसतो. कागलच्या घाटगे घराण्यातील हिंदूराव हे ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू. विल्यम फ्रेझर या ब्रिटिश अधिकाऱ्याची १८३५ मध्ये हत्या झाल्यानंतर त्याची टेकडीवरील कोठी हिंदूरावांनी विकत घेतली. १८५७ च्या उठावात हीच कोठी ब्रिटिश फौजेचे मोक्याचे ठाणे बनली. टेकडीच्या दक्षिणेस, सदर बाजाराला लागून असलेल्या 'बाडा हिंदूराव' या वस्तीलाही तेच नाव मिळाले आहे. मात्र शंभर वर्षे या परिसराची खरी ओळख होती ती गिरणीच्या भोंग्याची. तो भोंगा का थांबला आणि थांबल्यावर कोणाचे काय झाले, हा प्रश्न केवळ दिल्लीच्या इतिहासाचा नाही. परळ-लालबागचा तो आहेच, पण सोव्हिएत संघ कोसळल्यावर ज्या देशांतील कारखान्यांची धुरांडी थंड पडली त्या देशांशीही त्याचे नाते आहे.

शंभर वर्षांचा भोंगा

दिल्ली क्लॉथ मिल्स, म्हणजेच 'डीसीएम', ही कंपनी १८८९ मध्ये स्थापन झाली. लाला श्रीराम यांच्या कारकिर्दीत ती उत्तर भारतातील अग्रगण्य उद्योगसमूहांपैकी एक झाली. वस्त्रोद्योगाबरोबर साखर, रसायने आणि खते यांतही तिने पाय रोवले. डीसीएम चषकाच्या फुटबॉल स्पर्धेने आणि शंकर-शाद मुशायऱ्याने तिचे नाव कापड न वापरणाऱ्यांपर्यंतही पोहोचवले. सब्जी मंडीच्या घंटाघराजवळ बिर्ला मिल होती, आझादपूरला अजुधिया मिल, तर मोतीनगरच्या बाजूला डीसीएम समूहाचीच स्वतंत्र भारत मिल. उत्तर प्रदेश, राजस्थान, हरियाणातून आलेल्या हजारो कुटुंबांचा संसार या गिरण्यांवर उभा होता. मराठी वाचकाला हे चित्र परके नाही. कोकण-घाटावरून मुंबईत आलेल्या कामगाराच्या जागी पूर्वांचलचा कामगार ठेवला की गिरणगाव आणि हिंदूराव यांत फारसा फरक उरत नाही.

या गिरण्यांवर संकट एका दिशेने आले नाही. जुनी यंत्रसामग्री, कृत्रिम धाग्याची स्पर्धा आणि यंत्रमागाचा स्वस्त माल यांनी संयुक्त गिरण्यांचे अर्थकारण आधीच मोडीत काढले होते. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांवर निघणाऱ्या कापडाशी शहराच्या मध्यभागी, संघटित वेतनावर चालणाऱ्या गिरणीला टक्कर देता येईना. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने अव्यवहार्य गिरण्या बंद पडणे हे वास्तव म्हणून स्वीकारले. दुसरीकडे १९६२ च्या दिल्ली विकास आराखड्यानेच या गिरण्यांना विसंगत भूवापर ठरवले होते. बाडा हिंदूरावची गिरणी १९८९ मध्ये, म्हणजे शंभराव्या वर्षीच, बंद झाली.

बिर्ला आणि स्वतंत्र भारत मिलचा शेवट न्यायालयाच्या मार्गाने झाला. डिसेंबर १९८५ मध्ये डीसीएम समूहाच्याच श्रीराम कारखान्यातून दिल्लीत विषारी वायू गळला. भोपाळच्या दुर्घटनेला तेव्हा जेमतेम वर्ष उलटले होते. या घटनेने औद्योगिक प्रदूषणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या अग्रक्रमात आणला. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर ८ जुलै १९९६ रोजी न्यायालयाने १६८ घातक व अवजड उद्योगांना ३० नोव्हेंबरपर्यंत दिल्लीतील काम थांबवण्याचा आदेश दिला. स्थलांतर करणाऱ्या उद्योगाबरोबर जाणाऱ्या कामगाराला एक वर्षाचे वेतन स्थलांतर बोनस म्हणून मिळणार होते. कायमच्या बंद होणाऱ्या उद्योगातील कामगाराची भरपाई त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहा वर्षांच्या वेतनापर्यंत वाढवण्यात आली. बिर्ला मिलने हिमाचलातील बद्दीची वाट धरली. दिल्लीत मुले शाळेत घातलेला कामगार बद्दीला जाणार कसा, हा प्रश्न पुढे बराच काळ न्यायालयात रेंगाळला.

जमिनीबाबत मात्र न्यायालयाने आधीच, मे १९९६ मध्ये, नेमके सूत्र घालून दिले होते. दहा हेक्टरांहून मोठ्या भूखंडाचा ६८ टक्के भाग सार्वजनिक हिरवळीसाठी व सोयींसाठी सोडायचा आणि उरलेल्या ३२ टक्क्यांवर मालकाने वाढीव चटईक्षेत्रासह विकास करायचा. मालकाचा वाटा टक्केवारीत ठरला, शहराचाही ठरला. कामगाराचा वाटा मात्र जमिनीत नव्हे, जुन्या वेतनाच्या पटीत ठरला. जमीन वर्षागणिक महाग होत गेली, जुने वेतन जिथल्या तिथे राहिले. या सगळ्या प्रकरणातील विषमतेचे मूळ इथे आहे. गिरण्यांच्या जागी आज बहुमजली निवासी व व्यापारी संकुले उभी आहेत.

उभी राहिलेली यंत्रे

याच दशकात मॉस्कोपासून कझाकस्तानपर्यंत याहून भयंकर घसरण चालू होती. १९९० ते १९९८ या काळात रशियाचे राष्ट्रीय उत्पन्न सुमारे ४० टक्क्यांनी घटले आणि औद्योगिक उत्पादन जवळपास निम्म्यावर आले. युक्रेनला वाढीचे पहिले वर्ष पाहण्यासाठी २००० साल उजाडावे लागले. नियोजन मंडळाने जोडलेल्या पुरवठ्याच्या साखळ्या नव्या सरहद्दींनी तोडल्या. कारखाने एकमेकांना पैशांऐवजी माल देऊ लागले आणि कामगारांचे पगार महिनोन् महिने थकले.

तरीही एक गोष्ट लक्षणीय होती. उत्पादन निम्म्यावर आले तरी कामगारकपात त्या प्रमाणात झाली नाही. कारखाना म्हणजे केवळ नोकरी नव्हती. घर, पाळणाघर, दवाखाना आणि हिवाळ्यातील उष्णताही तिथूनच येत होती. कामगार पगाराविना का होईना, हजेरीपटावर राहिला. यंत्रे गंजली, पण जागची हलली नाहीत. ऑगस्ट १९९८ मध्ये रुबल कोसळला, आयात माल एकाएकी महाग झाला, तेव्हा हीच झोपलेली उत्पादनक्षमता पुन्हा जागी झाली. पुढे तेलाच्या चढत्या किमतींनी त्या उभारीला बळ दिले. त्या पुनरुज्जीवनात सुधारणांचा वाटा किती आणि नशिबाचा किती, यावर अर्थतज्ज्ञांचे एकमत नाही. मात्र चालू करायला कारखाना शिल्लक होता, हे नाकारता येत नाही.

कझाकस्तानातील तेमिरताऊचे उदाहरण भारतीय वाचकाला अधिक जवळचे. या पोलाद कारखान्यात पुढे देशाचे अध्यक्ष झालेले नूरसुलतान नझरबायेव यांनी तरुणपणी काम केले होते. सोव्हिएत बाजारपेठ गेली आणि कारखाना डबघाईला आला. १९९५ मध्ये लक्ष्मी मित्तल यांच्या समूहाने तो घेतला, पाठोपाठ कोळसा खाणी घेतल्या, आणि भट्टी पुन्हा धगधगू लागली. मित्तल समूहाचा जागतिक विस्तार ज्या व्यवहारांवर उभा राहिला त्यांत तेमिरताऊचे स्थान मोठे आहे. एका गावाचे आयुष्य त्या भट्टीने परत आणले, हेही खरे.

जमीन महाग तिथे काय होते?

मग रशिया-कझाकस्तानात जे जमले ते हिंदूरावला का जमले नाही? उत्तर कामगारांच्या आळसात नाही की मालकांच्या दुष्टपणातही नाही. ते जमिनीच्या भावात आहे. तेमिरताऊच्या गवताळ माळावर कारखान्याखालच्या जमिनीला जवळपास किंमत नव्हती. जे काही मोल होते ते भट्टीचे. म्हणून भट्टी पेटवण्यातच सर्वांचा लाभ होता. बाडा हिंदूरावमध्ये नेमके उलटे होते. यंत्रे भंगाराच्या मोलाची आणि जमीन सोन्याच्या. अशा ठिकाणी कारखाना वाचवण्यापेक्षा तो बंद करण्यात मालकाचा अधिक फायदा असतो.

हा नियम व्यवस्था बदलली म्हणून बदलत नाही. मॉस्कोतच पाहा. 'झिल' हा एकेकाळचा प्रचंड मोटार कारखाना होता. त्याच्या आवारात गेल्या दशकापासून निवासी मनोरे उभे राहत आहेत. क्रेमलिनसमोरच्या नदीकाठावरचा 'रेड ऑक्टोबर' चॉकलेट कारखाना २००७ मध्ये शहराच्या मध्यातून हलवला गेला. मॉस्कोची जमीन दिल्ली-मुंबईसारखी महाग झाली आणि मॉस्कोच्या कारखान्यांचेही तेच झाले.

मुंबईने या नियमाची सर्वांत मोठी किंमत मोजली. १८ जानेवारी १९८२ पासूनच्या संपाने सुमारे अडीच लाख कामगारांना रस्त्यावर आणले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे कल्पिले होते: मोकळी जागा, परवडणारी घरे आणि मालकाचा विकास. २००१ च्या दुरुस्तीने हे तीन वाटे केवळ मोकळ्या जमिनीपुरते मर्यादित केले आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. घरासाठी सुमारे दीड लाख कामगार-वारसांनी अर्ज केले. २०१२ पासून सोडती निघत राहिल्या, पण घरे त्या संख्येच्या अल्प अंशालाच पुरली. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या उरलेल्या गिरण्यांचे उत्पादन मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबले.

पुनरुज्जीवनाचा हिशेब

सोव्हिएतोत्तर अनुभवाचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. कारखाना शिल्लक राहिला म्हणून कामगार सुरक्षित राहतो असे नाही. जून २००९ मध्ये रशियातील पिकाल्योवो या एकाच उद्योगावर जगणाऱ्या गावात पगार थकले, लोकांनी महामार्ग अडवला आणि पंतप्रधान पुतिन यांना कॅमेऱ्यांसमोर कारखानदारांना खडसावावे लागले. तेमिरताऊची भट्टी चालली, पण तिच्या खाणींत वारंवार माणसे मेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये कोस्तेन्को खाणीत ४६ कामगार दगावले आणि त्याच वर्षअखेर मित्तल समूहाला तिथून बाहेर पडावे लागले. उत्पादन वाढले म्हणजे उद्योग सावरला, हे अर्धेच सत्य आहे.

भारतात हा विषय पुन्हा तातडीचा झाला आहे तो कायद्यामुळे. उद्योग बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेण्याची अट १९७६ मध्ये ३०० कामगारांपासून लागू झाली. मुंबईच्या एक्सेल वेअर या तयार कपड्यांच्या संस्थेने आव्हान दिल्यावर १९७८ मध्ये बंदीसंबंधीचे कलम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. १९८२ मध्ये संसदेने ते नव्याने घातले आणि उंबरठा १०० वर आणला. नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने तो पुन्हा ३०० केला. कपात झालेल्या कामगारासाठी पंधरा दिवसांच्या वेतनाइतका पुनर्कौशल्य निधी ही संहितेची नवी तरतूद.

उंबरठा १०० असावा की ३००, यावर दोन्ही बाजूंना बोलण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु हिंदूरावचा अनुभव सांगतो की खरा प्रश्न परवानगीचा नाहीच. डीसीएम बंद झाली तेव्हा उंबरठा १०० चाच होता, आणि तरीही ती बंद झाली. प्रश्न असा की बंद होणाऱ्या उद्योगाखालची जमीन विकली जाते तेव्हा तिच्या वाढलेल्या मोलात कामगाराचा हक्क कुठे लिहिलेला असतो. तो भूवापराच्या नियमात नाही आणि कामगार संहितेतही नाही. एक विषय नगरविकास खात्याचा, दुसरा श्रम मंत्रालयाचा. दोन्ही फायली एका टेबलावर कधीच येत नाहीत.

भूवापर बदलण्याची परवानगी देतानाच कामगारांचा टक्का ठरवणे अशक्य नाही. शहराच्या हिरवळीसाठी ६८ टक्क्यांचे गणित न्यायालयाला मांडता आले होते. पंधरा दिवसांच्या वेतनाने ठाणे-बेलापूर पट्ट्यातील किंवा पिंपरी-चिंचवडमधील कामगाराचे पुढचे आयुष्य उभे राहणार नाही. त्या पट्ट्यांतही जमिनीचा भाव यंत्रांच्या किमतीला कधीच मागे टाकून गेला आहे.